नेत्रशिबिरांत पडद्याचीही चौकशी व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक दृष्टिदिन असतो. त्याच्या आगेमागे इंदूरमध्ये नेत्रशिबिरांची धांदल सुरू होते. राजवाड्यापासून राजेंद्र नगरपर्यंत कुठे शाळेच्या वर्गात, कुठे मंगल कार्यालयात टेबले मांडली जातात. तक्ता वाचून घ्यायचा, टॉर्च मारून मोतीबिंदू आहे का पाहायचे, चष्म्याचा नंबर लिहून द्यायचा, असा ठरलेला क्रम. या कामाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या देशात अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण आजही मोतीबिंदूच आहे. पण साठीपुढच्या माणसाची मधली नजर नेणारा एक आजार या क्रमातून हमखास निसटतो. तो कोणाला होण्याचा संभव जास्त, हे ओळखायला चार प्रश्न पुरतात आणि नेमके तेच तिथे विचारले जात नाहीत. म्हणून हे पत्र.

आजाराचे नाव वयोमानानुसार होणारा मॅक्युलाचा ऱ्हास. दवाखान्यातल्या बोलीत एएमडी. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा मॅक्युला असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, हातातली नोट शंभरची की दोनशेची हे पाहणे, सगळे याच्या जिवावर. पडद्याखालच्या पेशींचा एक थर मॅक्युलाची झाडलोट करत असतो. वय वाढले की ते काम मंदावते आणि खाली पिवळसर ठिपके साचू लागतात. त्यांना ड्रुसेन म्हणतात. 63 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक ठिपके वयाचा भाग म्हणून सोडून देता येतात. 125 मायक्रॉनच्या वरचे ठिपके दिसले आणि जोडीला त्या थराचे रंगद्रव्य विस्कटलेले असले, तर मात्र पाळत ठेवावी लागते. पुढे आजार प्रगत झाला की दोन वाटा फुटतात. सुक्या प्रकारात मधल्या पेशी वर्षानुवर्षे हळूहळू विरत जातात. ओल्या प्रकारात खालून कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपते आणि नजर काही आठवड्यांतच उतरते. दोन्हींत कडेची नजर शाबूत राहते. माणूस घरात न धडपडता फिरतो, देवघरापर्यंत जातो, आणि घरचे म्हणतात, 'दिसतंय की यांना!'

आता हा आजार होतो कशाने? मोबाइलवर याद्या फिरतात त्यांत दहा-बारा कारणे एकाखाली एक, सगळी सारख्याच टायपात असतात आणि सर्वांत वर असतो मोबाइलचाच निळा प्रकाश. तंबाखू कुठेतरी तळाशी. आमचा आक्षेप या उलट्यापालट्या क्रमाला आहे.

पहिले कारण वय, त्याला इलाज नाही. पन्नाशीच्या आत हा आजार विरळा, साठीनंतर वाढता आणि पंचाहत्तरीनंतर चांगलाच चढता. वयाचा उपयोग एवढाच, की तपासायचे कोणाला हे त्यावरून ठरते.

दुसरे कारण धूम्रपान. हातातल्या कारणांपैकी सर्वांत वजनदार तेच. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला हा आजार होण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या दुप्पट ते चौपट असतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसले आहे. धुरामुळे पडद्यामागचा रक्तपुरवठा घटतो आणि मॅक्युलाला जपणारे पिवळे रंगद्रव्य कमी होते. शिवाय पडद्याखालच्या झाडलोट करणाऱ्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा मारा होतो. हिशोब 'पॅक-वर्षां'त करतात. रोज 20 सिगारेटी वर्षभर ओढल्या की एक पॅक-वर्ष. रोज 10 ओढल्या तर दोन वर्षांनी एक. हा आकडा जितका मोठा, तितका धोका मोठा. विडीत तंबाखू चिमूटभर म्हणून ती सौम्य, हा माळव्यातला जुना समज साफ चुकीचा आहे; विडी जास्त जोराने, वरचेवर ओढावी लागते आणि तिच्यातून निकोटिन, टार, कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच जाते. घरात दुसऱ्याने सोडलेला धूरही मोजण्यासारखा ठरतो. गुटखा आणि तंबाखू-चुन्याबद्दल डोळ्यांचा पुरावा धुराइतका भक्कम नाही, कारण मोठे अभ्यास बहुतेक सिगारेटचेच आहेत. पण तोंडाच्या कर्करोगाचे कारण पुरेसे असताना डोळ्यांच्या पुराव्याची वाट कोणी पाहू नये.

सोडल्याने फायदा होतो का, हा प्रश्न पानाच्या दुकानावर उभे राहून विचारला जातो. होतो, पण हळू. विसेक वर्षांनी धोका न ओढणाऱ्याच्या जवळपास येतो. म्हणजे पंचेचाळिशीत सोडणाऱ्याला पासष्टीत त्याचे फळ मिळते. सत्तरीत सोडणाऱ्यालाही मिळते, कारण एका डोळ्यात आजार असताना दुसऱ्या डोळ्यातली वाढ धूम्रपानाने वेग घेते.

तिसरे कारण अनुवंश. 2005 साली सीएफएच नावाच्या जनुकाशी या आजाराचा संबंध उघड झाला. पाठोपाठ दहाव्या गुणसूत्रावरची दुसरी जागा सापडली. पहिल्या जनुकाचे काम शरीरातली दाहाची यंत्रणा आवरण्याचे. ते बिघडले की पडद्याखाली मंद दाह चालू राहतो. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला आजार असेल तर धोका कितीतरी वाढतो, आणि त्यात धूम्रपानाची भर पडली तर दोन्ही मिळून फार जड जातात. जनुकांची चाचणी मात्र सरसकट करून घेण्याची गरज नाही. निकाल काहीही आला तरी सल्ला तोच राहतो.

इथे एक व्यावहारिक अडचण आहे. 'घरात कोणाला मॅक्युलाचा आजार होता का?' असे विचारले की उत्तर 'नाही' येते, कारण मागच्या पिढीत हे निदान कोणी केलेच नव्हते. आजीला दिसेनासे झाले ते 'वयामुळे' किंवा 'मोतीबिंदूमुळे', एवढीच घरात नोंद. त्यामुळे प्रश्न वेगळा विचारावा लागतो. त्यांना पोथी वाचता येत नव्हती, पण अंगणात एकट्या फिरत होत्या का? माणूस आवाजावरून ओळखत होत्या का? समोर बघण्याऐवजी मान तिरकी करून बघत होत्या का? मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊनही वाचन परत आले नाही, असे झाले होते का? यांपैकी दोन 'हो' आले तर कौटुंबिक इतिहास आहे असे धरून चालावे. इंदूरच्या मराठी घरांतली पुढची पिढी पुण्या-बेंगळुरूला असते. इथे आजोबांचे निदान झाले की तिकडच्या पन्नाशी ओलांडलेल्या मुला-मुलींना तो कागद पाठवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

रक्तदाब, हृदयविकार, लठ्ठपणा यांचा संबंध आहे, पण तंबाखूइतका जोराचा नाही. रक्तदाब काबूत ठेवण्याची इतर कारणे भरपूर आहेत, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

उन्हाचे काय? अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरावर जन्मभर मासेमारी करणाऱ्या लोकांच्या अभ्यासात उतारवयात लख्ख निळ्या प्रकाशात जास्त वावरलेल्यांमध्ये प्रगत आजाराचा थोडा संबंध दिसला. इतर अभ्यासांत तो नीट जुळला नाही. भर दुपारी टोपी आणि गॉगल वापरावा, त्यात काही वावगे नाही. मोबाइल आणि टीव्हीचा प्रकाश मात्र बाहेरच्या उजेडाच्या मानाने नगण्य असतो. त्याने मॅक्युला खराब होतो याला पुरावा नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा त्यातून रक्तदाबाचे यंत्र घ्यावे, असे आम्ही बिनदिक्कत सांगतो.

अजून दोन शंका नेहमी येतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनाने हा आजार वाढतो का? मोठ्या अभ्यासांत तसा स्पष्ट पुरावा मिळालेला नाही. घडते असे, की आजार आधीपासून मागे दडलेला असतो, लेन्स बसवल्यावर तो उघडा पडतो आणि दोष ऑपरेशनच्या माथी येतो. ऑपरेशनआधी पडद्याचे ओसीटी (प्रकाशाने पडद्याच्या थरांचे चित्र काढण्याची तपासणी) करून घेतले की हा वाद उरत नाही. दुसरी शंका अॅस्पिरिनची. त्याबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. हृदयासाठी दिलेली गोळी डोळ्यांच्या भीतीने परस्पर बंद करणे हा त्याहून मोठा धोका आहे.

आहाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गैरसमज इथेच फार. मॅक्युलाचे पिवळे रंगद्रव्य ल्युटिन आणि झिअॅक्सँथिन यांचे बनलेले असते. शरीर ही द्रव्ये तयार करत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. गाजरात मुख्यतः बीटा-कॅरोटिन असते. त्यामुळे 'डोळ्यांसाठी गाजर' हे या आजाराला फारसे लागू पडत नाही. पालकाच्या 100 ग्रॅम पानांत ही दोन्ही द्रव्ये मिळून सुमारे 12 मिलिग्रॅम असतात. मेथी, चवळीची पाने, अंड्याचा पिवळा बलक हेही चांगले. आणि आपल्या सराफ्यातला भुट्ट्याचा कीस! पिवळ्या मक्यात ही द्रव्ये असतात, पांढऱ्या मक्यात जवळजवळ नसतात, तेव्हा घरी कीस करताना कणीस पिवळे घ्यावे. ही द्रव्ये स्निग्धात विरघळणारी असल्याने भाजी नुसती उकडण्यापेक्षा चमचाभर तेलात परतलेली बरी. मात्र रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये. तिच्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा तोल बिघडतो. मासे खाणाऱ्यांत धोका कमी दिसतो, पण माशाच्या तेलाच्या कॅप्सूलने तो फायदा मिळालेला नाही.

गोळ्यांचे गणित याहून कडक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या एरेड्स या अभ्यासाचा निष्कर्ष 2001 साली आला: मध्यम टप्प्यातल्या (मोठे ड्रुसेन आलेल्या) रुग्णांत, किंवा एका डोळ्यात प्रगत आजार असलेल्यांत, ठरावीक मात्रेने पाच वर्षांत प्रगत आजाराकडे जाण्याचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी घटला. 2013 च्या दुसऱ्या अभ्यासानंतर रोजची मात्रा अशी ठरली: सी जीवनसत्त्व 500 मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व 400 आंतरराष्ट्रीय एकक, ल्युटिन 10 मिलिग्रॅम, झिअॅक्सँथिन 2 मिलिग्रॅम, झिंक 80 मिलिग्रॅम आणि तांबे 2 मिलिग्रॅम. तांबे अशासाठी, की एवढ्या झिंकने शरीरातले तांबे कमी होऊन रक्तक्षय होऊ शकतो. आधीच्या सूत्रातले बीटा-कॅरोटिन काढून टाकले, कारण ओढणाऱ्यांत आणि पूर्वी ओढलेल्यांत त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

दुकानातली डबी उलटून मागचे आकडे वाचा. 'ल्युटिनयुक्त' असे पुढे मोठ्या अक्षरांत, आणि मागे मात्रा या सूत्राच्या पाव हिस्सा, असे सर्रास आढळते. दुसरी चूक याहून मोठी: आजार नसलेला किंवा नुसते बारीक ठिपके असलेला माणूस खबरदारी म्हणून ही गोळी घेतो. तिने आजार टळतो असे कुठेही सिद्ध झालेले नाही. गोळी मध्यम टप्प्यासाठी आहे आणि तो टप्पा थेंब घालून डोळ्याची बाहुली मोठी करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

टप्पा मोजण्याची एक सोपी पद्धत एरेड्सनेच दिली आहे. प्रत्येक डोळ्याला मोठ्या ड्रुसेनसाठी एक गुण, रंगद्रव्याच्या बिघाडासाठी एक; दोन्ही डोळ्यांची बेरीज शून्य ते चार. पाच वर्षांत प्रगत आजार होण्याची शक्यता अनुक्रमे 0.5, 3, 12, 25 आणि 50 टक्के. दोन आणि तीन यांत केवढे अंतर आहे ते पाहावे. रुग्णाने डॉक्टरांना 'माझे गुण किती?' असे विचारले तर नाराज होण्याचे कारण नाही. उलट कागदावर तो आकडा लिहून घ्यावा.

आता शिबिरांचे. लागणारे सामान नगण्य आहे. तक्त्यावर नजर कमी आली की डोळ्यापुढे पिनहोल धरतात. एक-सव्वा मिलिमीटरच्या छिद्रातून पाहिल्यावर अक्षरे सुधारली तर दोष बहुधा नंबराचा. सुधारली नाहीत, किंवा आणखी बिघडली, तर मॅक्युलाचा संशय घ्यावा. ही पायरी घाईत गाळली जाते आणि त्या माणसाला तीन-चार वेळा चष्मा बदलून मिळतो. दुसरी युक्ती टॉर्चची: एका डोळ्यावर 10 सेकंद प्रकाश टाकून मग त्याच डोळ्याने त्याला वाचता येत होती त्याच्या वरची ओळ वाचायला लावायची. निरोगी डोळा साधारण मिनिटाच्या आत सावरतो. मॅक्युला आजारी असेल तर दीड-दोन मिनिटेही लागतात. उन्हातून घरात आल्यावर 'बराच वेळ काही सुचत नाही' असे म्हणणारी मंडळी हेच सांगत असतात.

साठीपुढच्यांच्या कार्डावर चार गोष्टी लिहाव्यात: वय, पॅक-वर्षे (विड्यांचाही हिशोब धरून), वर सांगितलेले आजीचे प्रश्न, आणि रक्तदाब. ज्यांच्या बाबतीत यांतली दोन कारणे भारी ठरतील त्यांना थेंब घालून पडदा पाहण्यासाठी वेगळी तारीख द्यावी. थेंबांना 20 ते 30 मिनिटे लागतात आणि पुढचे चार ते सहा तास अंधुक दिसते, तेव्हा देवास किंवा महूहून मोटरसायकलवर एकट्याने येऊ नये. थेंब घालण्याआधी बाजूने टॉर्च मारून डोळ्याचा पुढचा कोन अरुंद नाही ना, एवढे पाहावे, नाहीतर काचबिंदूचा झटका ओढवायचा.

मधुमेह्यांबाबत एक टीप. त्यांची मधली नजर गेली तर बहुधा मधुमेहाने मॅक्युलाला आलेली सूज असते. तो वेगळा आजार आहे आणि त्याची तपासणी दरवर्षी, वय काहीही असो, व्हायला हवी. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचा मॅक्युला त्या गोळीनेही बिघडू शकतो. रोजची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत असावी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडदा तपासावा.

आजार ठरल्यावर घरच्या घरी पाहायचे साधन म्हणजे अॅम्स्लरची चौकट, स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क अॅम्स्लर यांनी रूढ केलेली. 10 सेंटिमीटरचा चौरस, त्यात 5 मिलिमीटरवर उभ्या-आडव्या रेघा, म्हणजे 20 गुणिले 20, एकूण 400 चौकोन, आणि मधोमध ठळक ठिपका. वाचायचा चष्मा लावून, चांगल्या उजेडात, 30 सेंटिमीटरवर धरायची. एक डोळा तळहाताने झाकायचा, पण दाबायचा नाही, आणि नजर ठिपक्यावरून हलू द्यायची नाही. रेघ वाकडी, तुटलेली किंवा पुसट दिसते का, चारही कोपरे दिसतात का, हे पाहून मग दुसरा डोळा. आठवड्यातून दोनदा पुरे. चुका ठरलेल्या: दोन्ही डोळे उघडे ठेवणे (चांगला डोळा वाईटाचे झाकून टाकतो), चष्मा न लावणे, नजर रेघांवरून फिरवणे. चौकट ठीक दिसली म्हणजे पडदा ठीक असे नाही. मेंदू बारीक खाचा भरून काढतो. पण नवी वाकडी रेघ दिसली तर महिनाभर थांबू नये, आठवड्याच्या आत पडद्याचे डॉक्टर गाठावेत. आपल्याकडे आशियाई लोकांत जास्त आढळणारा पॉलिपॉइडल नावाचा ओला उपप्रकारही असाच अचानक रक्तस्राव करून येतो. ओल्या प्रकारात डोळ्यात देण्याची इंजेक्शने पहिले तीन महिने दरमहा घ्यावी लागतात, पुढचे अंतर ओसीटी पाहून वाढवतात. 'एकाने फरक पडला' म्हणून दुसरे न घेणारे रुग्णच सर्वांत जास्त नजर गमावतात.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणे एवढेच की दृष्टिदिनाच्या अंकात ही चौकट छापावी. मोबाइलवर ती आखडते आणि 5 मिलिमीटरचे चौकोन तीनचे होतात, म्हणून कागदच हवा. रेघा पातळ आणि काळ्या, मागे पांढरा कागद, चित्र किंवा रंगाचा पट्टा नको. पानाच्या घडीवर ती येऊ देऊ नये. घडीपाशी रेघ खरोखरच वाकते आणि वाचक उगाच घाबरतो. पाठीमागच्या बाजूला गडद जाहिरात असेल तर शाई उमटून मधे डाग दिसतो, तेही टाळावे. आणि छापखान्यात पहिली प्रत निघाली की फुटपट्टी लावून चौकट बरोबर 10 सेंटिमीटरची आली आहे का, तेवढे पाहून घ्यावे.

कळावे,
आपले विश्वासू,
एक दृष्टिपटलतज्ज्ञ व एक ऑप्टोमेट्रिस्ट
रामबाग, इंदूर
(नावे छापू नयेत, ही विनंती)